कॅमेऱ्यामागची लिझेल

माझ्या ताईचा, लिझेलचा, नवरा अर्नेल नव्या फोनांचे व्हिडिओ बनवतो. आमची आई म्हणायची, जावई काय करतो, तर खोकी उघडतो आणि बंद करतो. पण त्या खोक्यांवरच नऊ वर्षं त्यांचं घर चाललं. बोलायचा तो, कॅमेरा धरायची ताई. ती कधी चित्रात आली नाही. त्याचं वाक्य अडखळलं की मागून शांतपणे म्हणायची, "पुन्हा." घरी आल्यावर तो आधी चित्रणातला तिचा आवाज कापून टाकायचा.

ताईला सकाळी पुरलं. त्याच दिवशी पासाय शहरातल्या मोठ्या हॉलमधलं नव्या फोनांचं प्रदर्शन संपणार होतं. आमच्यात दफनाहून कुणी सरळ घरी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, म्हणजे गेलेलं माणूस पाठोपाठ येत नाही. बाकीचे पेज प्यायला थांबले. अर्नेल म्हणाला, मी प्रदर्शनात थांबतो. आईने मला सोबत धाडलं आणि बजावलं, तिला तिथेच सोडून या. मला त्याचा संताप आला होता, कबूल करते. बुटांना अजून दफनभूमीतली माती होती आणि हा गळ्यात पास अडकवून निघाला.

कॅमेरा माझ्याकडे आला. पहिल्या स्टॉलवर तो घडी होणाऱ्या फोनबद्दल एक वाक्य बोलला, थांबला, मान जराशी कलती केली आणि तेच वाक्य नव्याने बोलला. पुढच्या स्टॉलवरही तसंच.

"कुया, मी काही म्हटलं नाही," मी म्हणाले. थोरल्या भावाला म्हणतात तसं मी त्याला कुया म्हणते.

"माहितेय," तो म्हणाला आणि तेच वाक्य पुन्हा बोलला.

मी कॅमेरा सुरूच ठेवला. नंतर नंतर तर तो थांबला की मीही श्वास रोखून धरायला लागले. दुपारपर्यंत आम्ही वीसेक स्टॉल केले.

मग कॉफी घेत तो चित्रण तपासायला बसला आणि त्याचा चेहरा उतरला. कॅमेऱ्यात जे कार्ड होतं त्यावर मागच्या महिन्याचं, ताईने केलेलं शेवटचं काम होतं. ती आजारी पडली म्हणून ते कापायचं राहून गेलं होतं. आणि सकाळी हॉलच्या दारातच त्याने ते कार्ड स्वतःच्या हाताने कोरं केलं होतं. नवं प्रदर्शन, कोरं कार्ड. जित्याची खोड, दुसरं काय. तेव्हाच थांबलो असतो तर एखाद्या कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या दुकानवाल्याने पुसलेलं काहीतरी परत काढून दिलं असतं. पण आम्ही त्यावर तीन तास नवं चित्रण चढवलं होतं.

"जुन्या एखाद्या व्हिडिओत तिचा आवाज राहिला असेल," मी म्हणाले. राग कधीच गेला होता.

"कशातच नाही, ग्लेंडा. मी फार स्वच्छ कापायचो."

हॉल बंद व्हायची सूचना झाली तसे आम्ही निघालो. दाराशी तो थबकला. जत्रेतून पोराला घरी नेताना आम्ही त्याच्या नावाने हाक मारतो, जीव मागे राहू नये म्हणून. अर्नेल वळला आणि आवरत्या स्टॉलांकडे बघून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "लिझेल, चल. घरी जायचंय."

हेच होऊ नये म्हणून आईने मला पाठवलं होतं. तो माझ्या पुढून बाहेर पडला. मी काचेचं दार आणखी थोडा वेळ उघडं धरून उभी राहिले.