गैरहाजिर तो वजीर

आमच्या संस्थेत कागद हरवतात, किल्ल्या हरवतात, एकदा तर दहा फुटी बॅनर हरवलं. किस्सा मात्र आजवर एकही हरवलेला नाही. दर बैठकीत चहाबरोबर जुने निघतात आणि उठताना एखादा नवा पदरात पडतो. मी इथला सहसचिव. म्हणजे नक्की काय, हे मला सहा वर्षांत कोणी सांगितलेलं नाही!

संस्था आहे इंजिनिअरिंग कॉलेजांत शिकवणाऱ्यांची. त्यांना आणखी चांगलं शिकवता यावं म्हणून आम्ही प्रशिक्षणं घेतो, व्याख्यानं ठेवतो. हिंदी मुलखातल्या आमच्या या शहरात, जयेंद्रगंज बाजारात एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, हे आमचं ऑफिस.

माझ्या साडूचं सराफ्यात दुकान आहे. एकदा त्याला हे सगळं समजावून सांगितलं. त्यानं हातातला तराजू खाली ठेवला.

"म्हणजे इंजिनिअरिंगच्या मास्तरांना तुम्ही लोक शिकवता, की शिकवायचं कसं?"

"हो."

"तर मग आतापर्यंत ते काय करून राहिले होते?"

मी विषय बदलून मेव्हणीची तब्येत विचारली.

*

आमचे अध्यक्ष घोरपडे सर. मेकॅनिकलचे निवृत्त प्राध्यापक. पणजोबा फौजेत होते. फौज गेली, हुकूम सोडायची सवय घरात राहिली. सरांचा एकच नियम आहे: जो बैठकीला नाही, त्याच्या गळ्यात काम.

"समोर बसलेला माणूस नकार देतो," सर म्हणतात. "गैरहजर माणसानं कधी नकार दिलेला ऐकलाय?"

सहा वर्षांपूर्वी मी मेव्हणीच्या लग्नाला उज्जैनला गेलो होतो. परत आलो तो सहसचिव होऊन. हाजिर तो वजीर ही म्हण सगळीकडे चालते, आमच्याकडे गैरहाजिर तो वजीर!

*

पुढच्या वर्षी सगळे शहाणे झाले. वार्षिक सभेला झाडून सगळे हजर! एकजण पायाला प्लॅस्टर घालून जिना चढून आला. एका मॅडमनी घरचे पाहुणेच बरोबर आणले. सर चष्म्यातून पाहतात तर गैरहजर कोणीच नाही. समित्या नेमायच्या कुणाच्या?

तासभर कोणी जागचं हललं नाही. शेवटी आमच्या कुलकर्णींना राहवेना. ते मुकाट्यानं उठले, बाथरूमला गेले, दोन मिनिटांत परत आले. खोलीत टाळ्या वाजत होत्या.

"काय झालं?" कुलकर्णींनी विचारलं.

"अभिनंदन," सर म्हणाले. "ग्रंथालय समिती!"

आमच्याकडे ग्रंथालय नाही. कुलकर्णी अजून त्याचे अध्यक्ष आहेत.

*

ऑफिस सांभाळतात तोमरजी. सभासदांची नावं, फोन नंबर, ठराव, सगळं त्यांच्या एका जाडजूड रजिस्टरात. माणूस सोन्यासारखा, फक्त विचारलं तेवढंच सांगणार. त्यापुढे एक अक्षर नाही.

एकदा भोपाळहून पाहुणे व्याख्याते आले. त्यांनी स्टेशनवरून फोन करून विचारलं, हॉल उघडा आहे का? तोमरजी म्हणाले, "जी, खुला है." पाहुणे हॉलवर पोचले. हॉल उघडा होता. आत लग्न चालू होतं!

आमचं व्याख्यान दुसरीकडे हलवलं होतं. मी तोमरजींवर चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "उन्होंने हॉल का पूछा था, व्याख्यान का पूछते तो वो बता देता."

यात चूक नक्की कुणाची, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

*

यंदा घोरपडे सरांनी गनिमी कावा केला. नव्या शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण मी एका कॉलेजात घेत होतो. शेवटच्या दिवशी आम्ही सगळे तिकडे, आणि इकडे ऑफिसात सरांनी वार्षिक सभा उरकून टाकली! हजर चौघे. वीस मिनिटांत सगळ्या समित्या तयार. तोमरजींनी रजिस्टरात लिहिलं, चहा झाला, आणि दुसऱ्या दिवशी रजिस्टर बाइंडिंगला माधवगंजात गेलं.

ते तिकडे तीन आठवडे राहिलं. नेमलेल्यांना पत्रं धाडायचं काम माझं. पण नेमलं कुणाला? मी सरांना विचारलं.

"लक्षात ठेवायचं तर रजिस्टर कशाला ठेवलंय?" सर म्हणाले. हजर असलेल्या बाकीच्यांना आपलं नाव त्यात नाही एवढंच आठवत होतं, आणि तोमरजी म्हणाले, "लिख दिया, याद नहीं रखा."

*

याच तीन आठवड्यांत वैशाली इंगळे ऑफिसात खेटे घालत होती. खासगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आमच्या प्रशिक्षणाला पाचही दिवस आली, पहिल्याच दिवशी सभासद झाली, आणि सगळ्यांत जास्त प्रश्न तिनंच विचारले. महिनाअखेर तिची नोकरी पक्की व्हायची होती. त्यासाठी आमचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि प्रमाणपत्रावर प्रशिक्षण समितीच्या अध्यक्षाची सही.

अध्यक्ष कोण, ते बाइंडिंगला!

"सर, तुम्हीच करून द्या ना साइन," ती घोरपडे सरांना म्हणाली.

"मी संस्थेचा अध्यक्ष. समितीचा नाही. दुसऱ्याच्या जागेवर सही मी करत नसतो."

पोरीचे डोळे भरून आले. मला स्वतःची लाज वाटली. शिक्षकांसाठी काढलेली संस्था, आणि एका चांगल्या शिक्षिकेची नोकरी आमच्याच पायी चाललेली.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळीच वैशाली येऊन माझ्यासमोर बसली; पलीकडे घोरपडे सर पेपर वाचत होते. "सर, मी खूप परेशान होऊन गेले आहे. आमचे प्रिन्सिपल म्हणतात, साइन नाही तर नाही, समितीच्या अध्यक्षांनी फोनवर हो बोलून दिलं तरी चालेल. पण आहे कोण ते? मी तर घरी जाऊन पाय पकडून घेईन त्यांचे!"

"तोमरजी," मी ओरडलो, "रजिस्टर आलं का?"

"जी, कल शाम को आ गया."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"आपने पूछा नहीं."

मी कपाळावर हात मारला. तोमरजी रजिस्टर आणायला उठले आणि जाता जाता म्हणाले, "इनके कॉलेज से अभी फोन आया था. प्रशिक्षण समिति के अध्यक्ष का नंबर माँग रहे थे. दे दिया."

"कुणाचा दिला? नाव काय?"

"नाम उन्होंने नहीं माँगा, नंबर माँगा था. मैंने भी नंबर ही देखा. रुकिए, देखता हूँ."

त्यांनी रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि एकेका ओळीवरून बोट खाली न्यायला लागले. ग्रंथालय, कुलकर्णी. सहसचिव, पुन्हा मी. तेवढ्यात वैशालीच्या पर्समध्ये मोबाइल वाजला. तिनं तो कानाला लावून "हॅलो" म्हटलं. पलीकडचा आवाज चांगला दणदणीत होता, सगळ्यांना ऐकू आला.

"नमस्कार मैडम, प्रशिक्षण समिति की अध्यक्ष जी बोल रही हैं?"

तोमरजींचं बोट थांबलं. त्यांनी रजिस्टर फिरवून वैशालीसमोर धरलं. तिनं ती ओळ वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी घोरपडे सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे पाहत होते.

"मैडम, बस एक बात कन्फर्म करनी थी. वैशाली इंगळे ने पूरे पाँच दिन की ट्रेनिंग की है न?"

वैशाली खुर्चीत ताठ बसली, दुपट्टा सारखा केला आणि म्हणाली,

"जी, बिल्कुल की है. पाँचों दिन मैं ख़ुद वहीं थी!"