एकदाच लिहिलेली ओळ

कवितेला गाण्यापासून वाचवायचं म्हणून गाण्यांची कंपनी काढणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. राळेगावात ताईच्या घराची मागची खोली हा भाऊजींचा स्टुडिओ. भिंतींना ताईच्या रुखवतातल्या गाद्या, खिडकीला गोधडी, आणि आवाज नको म्हणून पंखा बंद. एसटीचा हॉर्न वाजला की गाणं पुन्हा पहिल्यापासून. पाहुणा शिंकला की पाहुणा अंगणात. एकदा कुकरची शिट्टी गाण्यात शिरली, तेव्हापासून ताईचं वरण भाऊजींच्या परवानगीनं शिजतं.

नियम मात्र एकच. कवीनं लिहिलं त्यात अक्षर घालायचं नाही, गाळायचं नाही आणि ओळ फिरून म्हणायची नाही. त्यामुळे त्यांच्या गाण्यांना ध्रुपदच नसतं. त्यांचा गायक शब्बीर, एरवी मोटारसायकली दुरुस्त करणारा, वैतागून म्हणायचा, "भाऊजी, पयली ओळ परत नाही आली तं गाणं लोकायच्या तोंडी बसन कसं?"

"सरांनी एकदाच लिहिली ना? मंग तू दोनदा म्हननारा कोन? ज्याले पाठ करा लागते त्यानं पुस्तक घ्यावं."

सर म्हणजे आमच्या जिल्ह्यातले नामवंत लेखक. पूर्वी कुणीतरी त्यांच्या कवितेत मनचे शब्द घुसडले होते, तेव्हापासून ते कोणालाच गाणी करू देत नसत. भाऊजींनी मात्र कॉलेजपासून त्यांच्या सगळ्या कवितांना चाली बांधून ठेवलेल्या. बऱ्याच विनवण्यांनंतर सर म्हणाले, "एक ऐकवा. मग बाकीच्यांचं सांगतो."

मागच्या हिवाळ्यात सर काठी टेकत स्टुडिओत आले. भाऊजींनी रेकॉर्डिंगचं मशीन सुरू केलं. सरांनी बायको गेल्यावर लिहिलेली कविता शब्बीर गायला. मी चहा घेऊन दारातच थांबले. गाणं संपलं. भाऊजींचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

सर खोकले आणि म्हणाले, "पहिली ओळ पुन्हा म्हण बाबा."

शब्बीरनं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी हात जोडून म्हणाले, "सर, तुमी एकदाच लिहिली आहे ते."

"तेव्हा दोनदा लिहायची हिंमत नव्हती. म्हणू दे त्याला."

शब्बीरनं म्हटली. साऱ्या कवितांची परवानगी सरांनी तिथंच दिली.

यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये ती ओळ दुसऱ्यांदा येण्याआधी त्यांचा खोकला आणि बोलणं ऐकू यायचं. बोलणं भाऊजींनी कापलं, सरांनी ते कवितेत लिहिलेलं नव्हतं म्हणून. शब्बीर म्हणाला, "खोकलाही काढून टाकतो, मिनिटाचं काम आहे."

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "शब्द असता तं कापला असता; खोकला त्यायनं वाचायले नाही, ऐकायले ठेवला."