उकळलेले मोजे

नातीनं परवा स्वेटर भिजू घातला. ओल्या लोकरीचा वास आला अन् मला आमचे मालक आठवले.

त्या हिवाळ्यात ते खाटेवरच होते. दोन गोधड्या टाकल्या तरी पाय गारच. वडीगोद्रीच्या दुकानात लोकरीचे मोजे भेटले न्हाईत, म्हणून मी यष्टीनं जालन्याला गेल्ते. तिथं स्वेटर इकणाऱ्या नेपाळी बाईकडं एकच जाड जोड भेटला. मालकानं घातला अन् म्हणले, "आत्ता पायात जीव आला बघ."

आठ दिवसांनी मी मोजे धुवाया काढले. आमाला सुती कपड्याचीच सवय. दुखणेकऱ्याचं कापड म्हणून सोडा टाकून चुलीवर चांगलं उकळलं. काढून बघते तं मोजे तान्ह्या लेकराच्या पायाएवढे झाल्ते.

जाऊ म्हणली, "येडे, लोकर उकळत असतेत का कुठं?"

मालक मातर हसले. "राहू दे गं. नातवाला होतील."

मला हसू आलं न्हाई. त्यांची खाट उन्हात ओढली, पाय मांडीवर घेतले अन् खाली मान घालून चोळीत बसले. मनात एकच, जालन्याला कवा जाते अन् दुसरे मोजे कवा आणते.

ते म्हणले, "जरा वर बघ की माझ्याकडं."

"गप पडा. पाय गरम होऊ द्या आधी."

पाय काही गरम झाले न्हाईत. चौथ्या दिवशी ते गेले. आता वाटतं, तवा जरा वर बघितलं असतं तं काय बिघडलं असतं?