गुणाशेठ सुट्टीवर जातात

नागावात समुद्राकडे वळताना ‘नीरा होमस्टे’ अशी पाटी लागते. पाटीवर नाव बायकोचं, खुर्चीत बसलेले मालक म्हणजे आमचे गुणाशेठ, आणि आत तव्यापुढे पुन्हा बायको. नारळी-पोफळीच्या वाडीत चार खोल्या. गर्दीच्या दिवसांत चारच्या पाच होतात, कारण गुणाशेठ आपली स्वतःची झोपायची खोलीही पाहुण्यांना देऊन टाकतात आणि नवरा-बायको पडवीत चटई पसरतात. यात त्यांना काही विशेष वाटत नाही. आमच्या किनाऱ्यावर पाहुणा दारात आला की घरवाले बाहेर, हा रिवाजच आहे.

पण करोनाच्या निर्बंधांचं ते दुसरं वर्ष. लाट ओसरली होती, नियम ओसरत नव्हते. पाहुणे नाहीत म्हटल्यावर दुसरा कोणी पाय पसरून झोपला असता. गुणाशेठ पहाटे उठून भरलेली टाकी पुन्हा भरत. कोणी न झोपलेल्या गाद्यांवरच्या चादरी काढून धुवायला टाकत. शनिवारी दुपार झाली की पाटीखाली उभे राहून येणारी-जाणारी स्कूटर हात करून थांबवत.

“या, या! कुठून आलात?”

“काका, मी केतन. तुमच्या मागच्या वाडीतला.”

“ते ठाऊक हाय रे. पण आता आलास कुठून?”

तिसऱ्या आठवड्यात नीराबाईंनी धुण्याची बादली पालथी घातली.

“मला सुट्टीवर जायचं हाय.”

“आता काय दुसरं चाललंय? सुट्टीच की!”

“ही सुट्टी न्हाय, ही तुमची येरझार हाय. वीस वर्षं लोकांना वाढते. पहिली फुगलेली भाकरी पाहुण्याला, शेवटची गार झालेली मला, ती पण ओट्याशी उभ्याने. एकदा मला कुठंतरी बसवा आणि दुसऱ्या कोणालातरी माझ्या ताटात गरम भाकरी टाकू द्या. बास. मग तिथं डोंगर असूंदे नायतर उकिरडा.”

गुणाशेठनी पालथी बादली सरळ करून ठेवली. ही मागणी घासाघीस करून कमी करता येण्यासारखी नव्हती.

त्याच दिवसापासून ठिकाण निवडण्याचं काम सुरू झालं. गुणाशेठना भूगोल पाहुण्यांच्या गप्पांमधून आलेला. त्यामुळे सुरुवात थेट काश्मीरपासून झाली. काश्मीरला नाकात काडी घालून तपासणी होती, आणि गुणाशेठ नाकाला फार जपतात. केरळात गेल्यावर आधी खोलीत बंद राहावं लागेल असं कोणीतरी सांगितलं. गोव्याचा नियम सकाळी एक होता आणि चहानंतर दुसरा. दिवसभर फोन कानाला लावून ते वाडीत फिरत होते. पोफळींच्या मधून इकडून तिकडे, तिकडून इकडे. मागच्या वर्षीच्या वादळाने निम्मी झाडं झोपवली होती, म्हणून निदान आपटले तरी नाहीत.

महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याशी त्यांचं चांगलं तासभर बोलणं झालं. नीराबाई आशेने दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय म्हणाला?”

“बिचारा! कामाची पोरं गावाला निघून गेली, म्हणून स्वतःच गाद्या उचलतोय. गिझर पण बंद पडलाय. मी त्याला आपला मेकॅनिक सांगितला.”

“आणि आपली खोली?”

गुणाशेठनी फोनकडे पाहिलं. ते विचारायचं राहूनच गेलं होतं. तसंही महाबळेश्वर परजिल्ह्यात. त्याला पास लागत होता आणि पासासाठी कारण. लग्न चालत होतं, मयत चालत होतं. ‘बायकोला गरम भाकरी’ हे कारण कोणी मंजूर करील असं वाटेना.

म्हणजे उरला आपला रायगड जिल्हा. माथेरानला घोडे आहेत म्हणून नीराबाईंनी नको म्हटलं. गड चढायचा तर घरी जिना काय वाईट आहे, असंही विचारून घेतलं. चौल निघालं, पण तिथे नीराबाईंची बहीण. बहिणीकडे गेलं की पदर खोचावाच लागतो. शेवटी गुणाशेठना आठवले श्रीवर्धनचे मुश्ताकभाई. सुपारीच्या व्यवहारातले जुने दोस्त, कुवेतहून परत येऊन दोन खोल्या बांधलेले.

“अरे गुणाभाय, या ना!” मुश्ताकभाई फोनवर ओरडले. “एका खोलीचं छप्पर वादळात गेलं, पण दुसरी तुमचीच. भाबीला घेऊन या. आमच्या सफुराच्या हातचं जेवा.”

अशा रीतीने काश्मीरला निघालेलं हे जोडपं समुद्रकिनाऱ्यावरून निघून समुद्रकिनाऱ्यावर गेलं. स्कूटरवरून मुरूड, आगरदांड्याला फेरीबोट, पलीकडे दिघी आणि मग श्रीवर्धन. नीराबाईंनी नवी साडी नेसून फेरीबोटीत कठड्याशी उभं राहून वारा खाल्ला. गुणाशेठनी तेवढ्यात एका अनोळखी कुटुंबाला नागावला यायचं आमंत्रण दिलं.

मुश्ताकभाईंकडे पोचून अर्धा तास झाला नाही तोच गुणाशेठ पडवीतली चप्पल जोडीने लावत होते. मग त्यांनी नळ घट्ट केला. मग पंपाचा आवाज ऐकून मान हलवली. “बसा हो,” नीराबाई म्हणाल्या. ते बसले आणि खुर्चीचा डगमगणारा पाय बघायला पुन्हा उठले.

“भाईंना काय होतंय?” सफुराभाबींनी हळूच विचारलं.

“सुट्टी बाधलीय,” नीराबाई म्हणाल्या.

नीराबाईंना सोपं जात होतं असं मात्र नाही. आत परातीत भाकरी थापल्याचा आवाज आला की त्यांचे हात मांडीवर आपोआप गोल फिरत. दोनदा त्या उठल्या. दोन्ही वेळा सफुराभाबींनी खांद्याला धरून बसवलं. दुसऱ्यांदा तर दमच दिला: “भाबी, पुन्हा आत आलीस तर मी नागावला येऊन तुझी भांडी घासीन हां!”

दुपारी ताट आलं. सुरमईचं सालन, सोलकढी आणि तांदळाची भाकरी, अशी फुगलेली की बोट लावलं तर वाफ सुटावी. नीराबाईंनी पहिला तुकडा मोडला.

नेमकी तेव्हाच फाटकाशी गाडी थांबली. मुश्ताकभाई मासे आणायला बंदरावर गेलेले. गाडीतून पनवेलचं एक कुटुंब उतरलं: नवरा, बायको, दोन मुलं, सासूबाई.

“रूम मिळेल का हो?”

गुणाशेठचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत असा उजळला नव्हता.

“या, या! कुठून आलात? प्रवासात त्रास नाही ना झाला? आजी, पायरी सांभाळून. खोली एकच आहे, पण हवेशीर!”

आणि त्यांनी सरळ जाऊन आपल्याच खोलीचं दार उघडलं, आपल्याच पिशव्या बाहेर आणून पडवीत ठेवल्या, चादर झटकली आणि पंखा लावून दिला. मग विजयी मुद्रेने जेवणाच्या जागी आले.

“अगं, पाहुणे आलेत! खोली दिली. आपण पडवीत पडू. ऊठ, पाच जणांचं…”

नीराबाई उठल्या. म्हणजे अर्ध्या उठल्या. वीस वर्षांची सवय गुडघ्यांना होती. एक हात जमिनीला टेकलेला, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. सफुराभाबी तव्यापाशी उलथनं धरून तशाच थांबल्या.

तेवढ्यात नीराबाईंना पडवीतल्या पिशव्या दिसल्या. त्या पुन्हा खाली बसल्या, नीट मांडी घालून. मग त्यांच्या तोंडून वीस वर्षं ऐकलेलं शहरी पाहुण्यांचं मराठी खणखणीत बाहेर पडलं.

“एक्सक्यूज मी. आमचं बुकिंग आहे. आमचं सामान बाहेर कोणी ठेवलं?”

गुणाशेठच्याही तोंडून सवयीने जे यायचं तेच आलं. त्यांनी हात जोडले. “सॉरी मॅडम. एक रात्र ॲडजस्ट करा ना.”

“तुम्ही करा. मॅनेजरला बोलवा.”

पडद्याआड सफुराभाबी हसून हसून भिंतीला टेकल्या. पनवेलच्या सासूबाईंनी मात्र सुनेला सांगितलं, “बघ, असं बोलावं लागतं.”

मुश्ताकभाई मासे घेऊन आले तेव्हा त्यांना दिसलं ते असं: पनवेलकर त्यांच्या दिवाणखान्यात मजेत विसावलेले, गुणाशेठ कमरेला टॉवेल गुंडाळून त्यांना पाणी वाढताहेत, आणि पिशव्या पुन्हा खोलीत. पडवीत चटई एकच होती, गुणाशेठपुरती.

आत सफुराभाबी तव्यावरून भाकरी उचलून घेऊन आल्या. नीराबाईंनी ताट पुढे सरकवलं.

“गरम आहे ना?” त्यांनी पाहुण्यांसारखंच विचारलं.

“हात लावून बघ.”

त्यांनी लावला. चटका बसला. बोट फुंकत त्या म्हणाल्या, “आता कसं! आणखी एक टाक गं बाय.”