गिरणीचं ॲप आणि शिवरात्रीची भगर

कोड न लिहिता ॲप बनवा, असं व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं आणि मी हुरळलेच. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे, झालं. दोन दुपारी बसून मी तेलंगणातल्या आमच्या बाजारहत्नूरच्या पिठाच्या गिरणीचं ॲप केलं. घरी बसून नंबर लावा, नंबर आला की डबा घेऊन या. बटणं मराठीत आणि तेलुगूतही. माझे पाय जमिनीला लागेनात.

हा सगळा खटाटोप सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी होता. कोणाचं दळण आधी, कोणाचं मागून, हे लावत त्या दिवसभर जात्याशी उभ्या असत. ॲपनं ओळ लावली आणि दळायला मी राहिले, तर त्यांना बसता येईल, एवढंच मला हवं होतं.

चार दिवस झकास गेले. सासूबाई खुर्चीत बसल्या, मी मनातल्या मनात नाचले.

मग महाशिवरात्रीचा आदला दिवस उजाडला. ॲपनं नंबरवारीनं आधी गहू बोलावला, मग शेजारणीची भगर. जात्यात गव्हाचं पीठ बघून तिनं डबा उचललाच. "उद्या शिवरात्र हाय, अन् मी काय गहू खाऊ?"

आमच्याकडे अशा दिवशी जातं झाडून आधी उपवासाचं दळतात, मग ज्वारी, मग गहू, शेवटी डाळ. मी घाईघाईनं 'उपवासाचं दळण' असं बटण जोडलं. ते दाबलं की नंबर पुढे. दहा मिनिटांत सारं गाव उपवासाला बसलं. गव्हाच्या पोत्यावर हात ठेवून एक काका म्हणाले, "आमच्याही घरी उपवासच हाय, पोरी."

मला हसू आवरेना. धान्य बघून ओळ लावणारा ठोकळा शोधला, तर तसा ठोकळाच नव्हता. आधी येईल तो आधी, एवढंच त्या बापड्याला ठाऊक.

सासूबाई गुडघा धरून उठायला लागल्या. मी त्यांना खांद्याला धरून परत बसवलं.

"तुमी बसूनच सांगा, आई. डबे मी लावते."

"तुले जमन का?"

"नाही जमलं तर रागवा."

जातं झाडलं. त्या बोट दाखवत गेल्या, मी डबे सरकवत गेले. शेजारणीची भगर पहिली, काकांचा गहू पार मागे. काकाही हसले. माझ्या भुवया पिठानं पांढऱ्या झाल्या, ॲप सपशेल आपटलं होतं, आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू.

दुपारी दोन घरची ज्वारी एकदम आली. कोणाची आधी, म्हणून विचारायला वळले. गिरणीच्या त्या घरघरीत सासूबाई घोरत होत्या. लग्नाला सहा वर्षं झाली, पण दिवसा झोपलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

मी न विचारता ज्वारी ओतली.