सुभेदारमामांची रजा

आमचे सुभेदारमामा चपलांनाही पॉलिश करत. चंदनसारच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरून भाजीला उतरायचं असलं तरी कडक इस्त्री, भांग आणि पायात चकाकत्या चपला. आगाशीची भाजीवाली म्हणायची, "सुभेदार, लांब उभे राव्हा, भाजीवर पानी मारतंय." मामा माझ्या पोटाकडे बघून म्हणत, "भाचेबुवा, सामान आवरा!" मी पन्नाशीचा बाप्या, श्वास पुरेल तेवढा वेळ पोट आत ओढून उभा राहायचो.

मामांच्या लेखी माणसं दोन प्रकारची: मनाने आलेली आणि धरून आणलेली. सोसायटीच्या मीटिंगपासून बारशापर्यंत ते हीच वाटणी करत. मी कायम धरून आणलेल्यांत. "मी सतराव्या वर्षी मनाने भरती झालो," हे ते इतक्यांदा सांगत, की मामी हयात असताना त्यांच्या आधी तीच वाक्य पुरं करायची.

मामांची लेक शुभा सिंगापूरला असते. तिथल्या कायद्याप्रमाणे तिच्या रोहनला दोन वर्षं फौजेत जावं लागलं. 'जावं लागलं' हे मामांनी ऐकलंच नाही. त्यांनी फक्त 'फौज' ऐकलं. घराण्यात आपली भाषा कळणारं कुणीतरी निघालं! दोन वर्षं पुरी करून रोहन शुभाबरोबर भेटायला आला, तेव्हा गेटवर बॅनर लागला होता: 'आमचा अभिमान, वीर जवान रोहन'. मजकूर माझा. रिक्षातून उतरून पोरगं बॅनरवरच्या स्वतःच्याच दाराएवढ्या तोंडाकडे बघत राहिलं.

"आजोबा, मी स्टोअरला होतो. बूट वाटत होतो!"

औक्षण झालं, चहा आला. मामांनी जुन्या पलटणीतले एक हवालदार मुद्दाम बोलावले होते. मामांनी विचारलं, "पलटण कशी होती?"

"शाळेतलीच मुलं. शुक्रवारी घरी. आई कपडे धुवायची. सुटायला किती दिवस उरले, ते रोज भिंतीवर लिहायचो."

हवालदार खो खो हसले. "सुभेदार, ही फौज नाही, वसतिगृह आहे!"

मामा हसले नाहीत. "म्हणजे तू मनाने नाही गेलास?"

"नाही गेलं तर तुरुंग, आजोबा. पण तिथे सगळेच जातात. बँकेच्या साहेबाचा पोरगा आणि टॅक्सीवाल्याचा, एकाच खोलीत. तुमच्या साहेबांची मुलं तुमच्या बराकीत झोपायची?"

"साहेब वेगळे, आम्ही वेगळे. पण पलटण म्हणजे घर होतं आमचं."

शुभा कप गोळा करत होती. "तुमचं ते घर, म्हणून आमचं नव्हतं बाबा. जाऊ दे, तुमचा काय दोष? आई अत्यवस्थ असल्याची तार गेली, पण सरकारने रजाच दिली नाही."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा शुभा नववीत होती. मामी गेल्यावर पाचव्या दिवशी मामा पोचले, ही गोष्ट पस्तीस वर्षं घराण्यात चालली आहे. सगळ्यात रंगवून, हातवारे करून सांगणारा मीच.

मामांनी कप खाली ठेवला.

"रजा मिळाली होती. साहेब म्हणाले, आजच निघ. दुसऱ्या दिवशी पलटण वर चढणार होती. मी म्हटलं, पोरांना चौकीवर पोचवतो, मग जातो. मी मनाने थांबलो."

शुभा आत गेली आणि मोजून सहा कप बराच वेळ विसळत बसली. दोन दिवस आधीच तिकीट बदलून ती परत गेली. नंतर तिचा फोन फक्त दिवाळीला यायचा, तोही दोन मिनिटं.

मी एकदा चिडून विचारलं, "मामा, सांगायची गरज काय होती?"

"पोरगं चारचौघांत खरं बोललं. मग मी खोटं चालू दिलं असतं, तर सुभेदार कसला?"

गेल्या वर्षी मामा गेले. सिंगापूरला मुलांना फौजेतून सुटल्यावरही दरवर्षी सरावाला बोलावतात; रोहन तिथेच होता. त्याने रजा मागितली, तासाभरात मिळाली, आणि तो एकटाच आला. आम्ही त्याच्यासाठी मामांना थांबवून ठेवलं होतं. अग्नी त्यानेच दिला.

परत निघताना हवालदारांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "लेक नाही आली?"

मी म्हटलं, "तिला रजा नाही मिळाली."

रोहन शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.