प्राध्यापकांची राहून गेलेली ओळ

मी जिथं कामाला जाते तिथं निघणारी सगळी पुस्तकं एकाच लेखकाची आहेत. शेळीपालन त्यांचं, स्वप्नांचे अर्थ त्यांचे, पाण्याच्या पंपाची जळालेली मोटार घरच्या घरी कशी भरावी तेही त्यांचंच. उखाणे, शाळेतली भाषणं, नोकरीचे अर्ज, बाळांची नावं, लोणची. नावाआधी ‘प्राध्यापक’ लागतं. नाव इथं लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, कारण त्या नावाचा माणूसच नाही. मोटारीचा मजकूर एका वायरमनकडून आला, शेळ्यांचा एका निवृत्त गुरुजींकडून. मालक मजकूर घेतात आणि वर हे नाव टाकतात. त्यांचं म्हणणं असं, की जत्रेत आणि एसटी स्टँडवर पुस्तक घेणारा अनोळखी नावाला हात लावत नाही. शेळीच्या पुस्तकानं एकदा त्याचं भलं झालं, की स्वप्नांचं पुस्तकही तो त्याच भरवशावर घेतो. वाचकांची पत्रं येतात. एकानं विचारलं होतं, सर, एवढं सगळं एका जन्मात कधी शिकलात? ते पत्र मालकांनी काउंटरच्या काचेखाली ठेवलंय.

मी सोलापूरची नाही. गोंदियाच्या पलीकडे, जंगलाला लागून आमचं गाव. आठवीनंतर शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्याला इथल्या टॉवेलच्या कारखान्यात काम लागलं आणि भात खाणारी मी ज्वारीच्या मुलखात आले. हे काम शेजारच्या अक्कांनी मिळवून दिलं. अक्का तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या, छापून आलेल्या मोठ्या कागदांना, म्हणजे फर्म्यांना, घड्या घालण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. मालकांनी मला एवढंच विचारलं, “वाचता येतं न्हवं? मग झालं.” शिकलीस किती, हे विचारलं नाही. त्याबद्दल मी आजही त्यांचे उपकार मानते. पण आज ना उद्या विचारतील, या धास्तीत माझी पहिली दोन वर्षं गेली.

एका फर्म्यात सोळा पानं बसतात. मजकूर बेचाळीस पानांचा असला तरी पुस्तक अठ्ठेचाळीसचंच होतं. उरलेली पानं कोरी सोडायची नाहीत, असा आमच्याकडचा रिवाज. त्याच लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकातलं काहीतरी उचलून भरायचं. लेखक एकच, तक्रार कोण करणार? म्हणून आमच्याकडे शेळ्यांच्या रोगांनंतर उखाणे येतात. हे पानपूरक निवडायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. लोणच्यांच्या पुस्तकाला दोन पानं कमी पडली तेव्हा मालक म्हणाले, “वैनी, तुमच्या मुलखातलं एखादं लिवा की. त्यात काय एवढं?”

मी वास्त्यांचं लोणचं लिहिलं. वास्ते म्हणजे पावसाळ्यात फुटणारे बांबूचे कोवळे कोंब. सोलावेत, बारीक चिरावेत, मग मीठ, हळद, मोहरीची पूड, गार केलेलं तेल. दोन पानं बरोबर भरली. छापून आलं त्या दिवशी अक्का म्हणाल्या, “काय प्राध्यापकीणबाई, आता घड्या आम्ही एकट्यांनीच घालायच्या का?”

पुढच्या पावसाळ्यात माढ्याकडचे एक शेतकरी ते पुस्तक घेऊन आले.

“हे सर कुटं भेटतील?”

“बाहेरगावी गेलेत,” मालकांनी ठरलेलं उत्तर दिलं.

“मागल्या खेपंलाबी भाईरगावीच हुते. हितं राहत्यात तरी का ते?”

मालक हसले. मी आणि अक्का मागं घड्या घालत होतो. शेतकऱ्यानं बांधावर बांबू लावला होता. बायकोच्या बचत गटानं या पुस्तकावरून त्याच्या कोंबांचं लोणचं करायचं ठरवलं होतं. परवा तालुक्याला प्रदर्शन, तिथं ते विकायला मांडणार होते. कोंब सकाळीच सोलून झाले होते.

“मीठ येवढंच घालायचं का, तेवढं इचारायला आलोय. बाया म्हणत्यात कमी पडतंय.”

मालकांनी चष्मा लावला आणि ते पान मोठ्यानं वाचायला लागले. सोलावेत. बारीक चिरावेत. मग मीठ.

तिथं माझा हात थांबला. वास्ते आधी भिजवावे लागतात. नाही तर ते कडू जहर असतात आणि खाणाऱ्याला बाधतात. ही ओळ मी लिहिलीच नव्हती. आमच्याकडे ती कुणी उच्चारतही नाही. बोलले तर प्राध्यापक तिथंच संपत होते, आणि त्यांच्या नावावर मालकांचं घर चालत होतं, माझंही. नाही बोलले तर परवा कुणीतरी ते लोणचं खाणार होतं.

“दादा, ते कोंब तसेच घालू नका,” मी म्हणाले. “आधी भिजवायचे असतात. कच्चे बाधतात.”

“पुस्तकात तर तसं न्हाय.”

“राहून गेलंय. ते मी लिहिलंय.”

मालकांनी चष्मा काढला. शेतकऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“मग हे सर?”

मालकांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं. “सर म्हंजे आमी सगळेच, पावणं,” ते म्हणाले.

“आँ? शेळ्याचं पुस्तकबी ह्यांनीच लिवलंय?”

“न्हाय, न्हाय. ते गुरुजींनी.”

“मग बरं. माझ्या शेळ्या त्याच पुस्तकावर हायत.”

किती दिवस भिजवायचे, हे मला नेमकं सांगता येईना. लग्नाआधी मी वास्ते चिरले होते, भिजवायचं काम मायचं. तिथूनच मायला फोन लावला. पुस्तकातल्या पानाबद्दल मी तिला कधी बोलले नव्हते.

“तीन दिवस. पानी रोज बदलवाचं,” माय म्हणाली. “मंग उकडून तेही पानी फेकून द्याचं. पन हे कोनाले सांगा लागते का वो? बिना भिजवता खाते कोन?”

“इथं कुणाला माहीत नाही, माय.”

“मंग तू सांगतली नाही काय?”

फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं. शेतकऱ्यानं पानाच्या कडेला पेननं ‘तीन दिस, मग उकडणे’ असं लिहून घेतलं आणि घरी फोन लावला. “आगं, हात लावू नका त्येला. पान्यात टाका. व्हय, समदं. परदर्शनाला लिंबाचं करा.” पलीकडून बायको बराच वेळ बोलत होती. “सरास्नी कशाला बोलतीस?” ते म्हणाले. “सर हितंच हायत. बाई हायत.”

ते गेल्यावर मालकांनी शिल्लक प्रतींचे गठ्ठे खाली काढायला सांगितले. मी ती ओळ लिहिली, त्यांनी चिठ्ठ्या छापून आणल्या, अक्कांनी आणि मी त्या दोन दिवस चिकटवल्या. चिठ्ठीखाली प्राध्यापकांचंच नाव आहे. मालकांनी मला विचारलं होतं, तुमचं टाकू का? मी नको म्हटलं. शिक्षणाचं त्यांनी तेव्हाही विचारलं नाही.

विकल्या गेलेल्या प्रती कुठल्या घरांत आहेत, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. पुस्तकांवर काउंटरच्याच फोनचा नंबर असतो. पावसाळ्यात तो फोन वाजला की मी हातातलं टाकून तो उचलते. मालकांनी हे काम मला सांगितलेलं नाही, आणि अडवलेलंही नाही.